उघडी नोंद

सोमवार, ३ मार्च

पोहोचलो एकदाचे! रुग्णवाहिकेत पाच तास आडवं पडून आलेला माणूस उतरल्यावर कण्हेल की नाही? आमचे बाबा उतरले ते ड्रायव्हरला आपला पत्ता लिहून देतच. वाटेत त्यांनी त्याला तीन देशांच्या राजधान्या शिकवल्या म्हणे. भूगोलाचे मास्तर रिटायर होतात, भूगोल होत नाही.

शुश्रूषागृह गावाबाहेर, उतारावर आहे. तीन मजले, चाळीस पलंग, लांबच लांब व्हरांडा आणि फिनेलचा वास. ऑपरेशन झालेली, पडलेली, फार म्हातारी झालेली माणसं इथे महिना-दोन महिने राहतात. काही घरी जातात, काही इथूनच जातात. बाबांच्या खुब्याचं हाड जुळायला अजून सहा आठवडे लागणार, आणि माझं इथलं कामही सहाच आठवड्यांचं. मुख्य डॉक्टरांनी करारातच बाबांचा पलंग धरला, म्हणून तर मी हो म्हटलं. खालच्या वॉर्डात, खिडकीजवळ, पलंग क्रमांक चौदा. मला धुलाईघराच्या वर एक खोली. इस्त्रीची ऊब जमिनीतून वर येते. छानच आहे.

मोठ्या ताई भेटल्या. या इथल्या मुख्य परिचारिका, पंचावन्नच्या आसपासच्या. सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, त्यांना मोठ्या ताईच म्हणतात. बाबांची उशी त्यांनी अशी काही लावली की हाड मोडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'आहाहा' आलं. मला म्हणाल्या, तुम्ही तुमचं मशीन सांभाळा, बाबांना मी सांभाळते. जीव भांड्यात पडला.

मंगळवार, ४ मार्च

ही वही कामाचीही आहे. माझ्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय : डेटाबेसवर काय केलंस ते हाताने लिहून ठेव, कारण मशीन बुडालं तर मशीनमधली टिपणंही बुडतात.

तर रोग असा. रुग्णांची नोंद, औषधं, डोस, येणं-जाणं असं सगळं एका डेटाबेसमध्ये आहे. अनेक तक्ते, एकमेकांना बांधलेले. कुठलाही बदल तक्त्यात जाण्याआधी एका लॉग फाइलमध्ये लिहिला जातो : काय होतं, काय झालं, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून. ही लॉग फाइल इथे वरचेवर करप्ट होते. वर्षभरात अकरा वेळा! शिवाय काही दुपारी अख्खा प्रोग्राम तास-दोन तास अडकून बसतो आणि मग आपोआप सुटतो. माझ्या आधीचा तंत्रज्ञ दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेला. खराब झालेल्या सगळ्या फाइली त्याने एका डिस्कवर तारखा घालून जपल्यात. शहाणा माणूस.

दुपारी मोठ्या ताई कॉफीचा थर्मास घेऊन सर्व्हरच्या खोलीत आल्या. रोज अकराला पाठवीन म्हणाल्या. मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं की तक्त्यातली नोंद माणूस बदलू शकतो, लॉग मात्र काही विसरत नाही. त्या हसल्या. आधीच्यानेही हेच सांगितलं होतं, म्हणाल्या.

गुरुवार, ६ मार्च

आज रोग डोळ्यांनी पाहिला. दोन-बावीसला प्रोग्राम अडकला. तळमजल्यावरून फोन, औषधखोलीतून फोन. पाहिलं तर कुणीतरी एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे अर्धवट भरलेली नोंद, उघडं ठेवलेलं. इथला प्रोग्राम जुना आहे. फॉर्म उघडला की ट्रान्झॅक्शन सुरू, एकेक रकाना भरला की तो लगेच लॉगमध्ये, आणि शेवटी 'जतन करा' दाबलं की काम पुरं. ते दाबेपर्यंत तक्त्याला कुलूप. बाकीचे बाहेर रांगेत ताटकळत. कुणी फॉर्म उघडून जेवायला गेलं असेल, असं म्हणून चारपर्यंत वाट पाहिली; मग मी त्याच्या मागे लागणार, तेवढ्यात चार-सहाला सुटलं.

नऊ नंबरच्या आजी त्याच सुमारास गेल्या. दोन्ही मुली जवळ होत्या, कारण ताईंनी सकाळीच फोन करून बोलावून घेतलं होतं. बाबा सांगत होते, ताईंना आधी कळतं म्हणून वॉर्डात त्यांची ख्याती आहे. त्यांच्या पाळीत कुणी एकटं जात नाही. मुली ताईंच्या गळ्यात पडून रडल्या.

चार-वीसला सर्व्हर धाडकन बंद. परत चालू केला तर लॉगचा शेवटचा भाग करप्ट, आणि डेटाबेसपुढे शेरा : 'संशयित'. ही आमच्या धंद्यातली खरीखुरी पाटी आहे. गुन्हेगार सोडून पुराव्यालाच संशयित म्हणायचं.

शनिवार, ८ मार्च

दोन दिवस खपून डेटाबेस उभा केला. खराब फाइलची नक्कल बाजूला काढून ठेवली, मग आदल्या रात्रीच्या बॅकअपवर तासातासाचे लॉग चढवले. चारनंतरचं वीस मिनिटांचं काम तेवढं गेलं. आजींची नोंद परिचारिकांनी कागदावरून पुन्हा भरली. डॉक्टर खूश.

बाबा आज वॉकर धरून बारा पावलं चालले. तेरावं ताईंसाठी, म्हणाले.

सोमवार, १० मार्च

वीज जाते म्हणून लॉग करप्ट होतो, असं सगळे सांगतात. आज इथल्या वायरमन काकांना घेऊन बॅटरीच्या डब्याची स्वतःची नोंद तपासली. गुरुवारी वीज गेलीच नव्हती. बॅटरी भरलेली होती. कुणीतरी सर्व्हरचा प्लग हाताने उपसला होता. काका म्हणाले, मॅडम, या खोलीच्या किल्ल्या तीनच : तुमची, डॉक्टरांची, मोठ्या ताईंची. मग स्वतःच जीभ चावून म्हणाले, झाडताना लागला असेल धक्का.

असेलही.

मंगळवार, ११ मार्च

खराब फाइल म्हणजे जळालेलं पुस्तक नव्हे. शेवटचं पान अर्धं लिहिलेलं असतं म्हणून डेटाबेस ती उघडत नाही, इतकंच. आधीची पानं शाबूत असतात. आज मी गुरुवारची फाइल पानपान वाचली. प्लग उपसणाऱ्याला काय लपवायचं होतं ते पाहायचं होतं.

नऊ नंबरच्या आजींची मृत्यूची नोंद. कागदावरून पुन्हा भरलेल्या तक्त्यात सगळं सरळ दिसतं : मृत्यूची वेळ चार-पाच, नोंदीची वेळ चार-सहा.

लॉगमध्ये फॉर्म उघडला दोन-एकवीसला. आडनाव, वय, नाव. नातेवाईक जवळ हजर : होय. मृत्यूची वेळ : चार-पाच.

हा वेळेचा रकाना भरला गेला दोन वाजून चोवीस मिनिटांनी.

तेव्हा आजी जिवंत होत्या. बाबांनी स्वतः त्यांना तीन वाजता केस विंचरून घेताना पाहिलं होतं. मी सर्व्हरचं घड्याळ तपासलं. बरोबर आहे. दहा वेळा तपासलं.

बुधवार, १२ मार्च

डिस्कवरच्या अकराही फाइली उघडल्या. दोन वाचण्यापलीकडच्या. नऊ वाचता आल्या. नऊच्या नऊ तशाच. मृत्यूची वेळ आधी लिहिलेली, दीड तास, दोन तास, आणि माणूस बरोबर त्या मिनिटाला गेलेला. नऊही वेळा खालच्या वॉर्डातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर, नऊही वेळा मोठ्या ताईंची पाळी. प्रत्येक वेळी नातेवाईक जवळ : होय.

 कागदांवर छापून डॉक्टरांकडे गेले. ते चांगले गृहस्थ आहेत. फार दमलेलेही. चष्मा पुसत म्हणाले, तीस वर्षांचा अनुभव आहे बाई त्यांना, श्वासावरून सांगतात त्या, अंदाजाने फॉर्म भरून ठेवत असतील. मी म्हटलं, मिनिटासकट? त्यांनी कागद उलटे करून ठेवले. मग म्हणाले, ताई नसतील तर हे शुश्रूषागृह आठवड्यात बंद पडेल. आणि म्हणाले, मी त्यांनाच विचारतो ना.

मी नको म्हटलं. हात जोडले. पण संध्याकाळी व्हरांड्यातून पाहिलं, ताई त्यांच्या खोलीतून बाहेर येत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या.

गुरुवार, १३ मार्च

सकाळीच दादाला फोन केला. आधी म्हणाला, तुझं डोकं फिरलंय कामाने. मग माझा आवाज ऐकून गाडीची चौकशी करायला लागला. तो उद्या रुग्णवाहिका घेऊन येतोय, साडेचारपर्यंत पोहोचेल. आज गाडी मिळत नाही आणि या घाटात बाबांना साध्या मोटारीत बसवणं शक्य नाही. पोलीस चौकीलाही फोन लावला. तिथल्या हवालदाराने कॉम्प्युटरमधली वेळ चुकली असं लिहून घेतलं आणि लेखी अर्ज घेऊन या म्हणाला.

डिस्क कपाटात नाही. नऊ फाइलींची माझी नक्कल सर्व्हरवर होती, तीही पुसलेली. छापलेले कागद डॉक्टरांपाशी राहिले. आता ही वही तेवढी.

पुसताना मात्र रुग्णांचा जुना तक्ता राहिला. त्यात सहज शोधलं, या वर्षी वॉर्डात कोण कोण गेलं. जानेवारी. पलंग क्रमांक अकरा. पुरुष, वय एकेचाळीस. दाखल होण्याचं कारण : अचानक भोवळ. व्यवसाय : संगणक तंत्रज्ञ.

काम सोडून गेला, असं मला सांगितलं होतं.

दुपारी ताई आल्या. बसल्या. शांतपणे बोलल्या, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं. म्हणाल्या, त्यांची आई हॉस्पिटलच्या बाकावर गेली. त्या रिपोर्ट आणायला वर गेल्या होत्या तेवढ्यात. परत आल्या तर शेजारचा माणूस आईच्या अंगावरून पाय टाकून चालला होता. त्यानंतर आपण एकालाही एकटं जाऊ दिलं नाही, म्हणाल्या. माणसाचं जाणं ठरतच नाही, त्याचीच वाट बघत बिचारे महिनोन्‌महिने कुजतात. वेळ ठरलेली असली की माणसं जमवता येतात.

असं म्हणाल्या. 'जमवता येतात.' जेवणाचा बेत सांगावा तसं.

मग विचारलं, तुम्हाला कोण कोण आहे हो?  त्याच म्हणाल्या, बाबा आहेत ना. मग झालं.

आज रात्र बाबांच्या पलंगाशेजारी खुर्चीवर काढणार. त्यांना फक्त सीलबंद बिस्किटं आणि मी स्वतः नळावरून आणलेलं पाणी. गोळ्या मी घेते आणि खिशात टाकते. बाबा चिडलेत. म्हणतात, इंजिनेरीण बाई, ज्या बाईने मला चालतं केलं तिच्यावर संशय?

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी ९.३०

रात्र सरळ गेली. बाबा ठीक. दादा निघाला. डॉक्टर शुक्रवारी गावात असतात, फोन उचलत नाहीत.

११.४०

मी सर्व्हरच्या खोलीत. इथून सगळ्यांवर नजर ठेवता येते. उघड्या ट्रान्झॅक्शनची यादी, लॉगमध्ये पडणाऱ्या रकान्यांसकट, पडद्यावर लावून ठेवलीये, दर दहा सेकंदांनी ताजी होते. वायरमन काकांना बाबांजवळ बसवलंय, कुणाला सुई लावू द्यायची नाही असं बजावून. काकांनी कारण विचारलं नाही. नुसती मान हलवली. त्यांनाही माहीत आहे का?

डोकं जड आहे. जागरण.

१.५५

उघडलं.

मृत्यूची नोंद. नवा फॉर्म. खालच्या वॉर्डातला कॉम्प्युटर. पहिला रकाना : आडनाव.

आमचं आडनाव.

२.१५

बाबांना घेऊन आले. चाकांच्या खुर्चीत, तसंच उचलून. चष्मा उशीपाशीच राहिला, वॉकर राहिला. टेबलाशी ताई बसल्या होत्या. उठल्या नाहीत, अडवलं नाही. उलट दार धरून ठेवलं, खुर्ची जाईपर्यंत. काकांना त्यांनी गेटवर पाठवलं, रुग्णवाहिकेला वाट दाखवायला म्हणे. दादा येतोय हे यांना कुणी

असो. आतून कडी घातली. बाबा माझ्यासमोर आहेत. नाडी पाहिली. अगदी नीट. कुरकुर करतायत, म्हणजे नीटच.

ते ट्रान्झॅक्शन मी तोडून टाकलं. रकाना पुसला गेला. मला हसू आलं. कागद फाडला म्हणून

२.३०

पुन्हा उघडलं. तेच आडनाव. थांबलंय. पुढचा रकाना भरत नाहीये. आम्ही इथे कडीबंद आहोत, काय करणार ती.

खोलीत गार असतं तरी घाम येतोय. ओठ बधिर. काल रात्री काही खाल्लं नाही म्हणून असेल. सकाळी फक्त कॉफी

२.३४

कॉफी.

अकराचा थर्मास. रोजच्यासारखा दाराशी ठेवलेला. मी बाबांचं पाणी पाहिलं, बाबांच्या गोळ्या पाहिल्या, आणि कॉफी — सवयीने — दोन कप —

२.४१

रकाना भरला. वय : अडतीस.

बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत.

अडतीस मी.

२.५०

उलटी करून पाहिली. थोडी झाली. उशीर झाला बहुतेक. गावच्या हॉस्पिटलला फोन केला. जीभ वळत नव्हती, तीनदा पत्ता सांगितला. गाडी पाठवतो म्हणाले, पाऊण तास. बाबांना म्हटलं मला विष — त्यांना एसीच्या घरघरीत ऐकू येत नाही. म्हणतायत, किती दमलीस, डोकं ठेव माझ्या मांडीवर.

पाय उचलत नाहीत. खुर्चीवरून जमिनीवर आले. पडदा इथून दिसतो.

२.५८

दाखल होण्याचं कारण : अचानक भोवळ.

जवळचे नातेवाईक : वडील.

जवळ हजर : होय.

मीच आणलं. मीच त्यांना इथे — दार धरून उभी होती ती —

३.०५

मृत्यूची वेळ : ३.४०

बाबा केसांतून हात फिरवतायत. लहानपणी ताप आला की असाच. मी डोळे मिटत नाही. मिटायचे नाहीत. गाडी ३.३५ ला यायला हवी. ३.३५ म्हणजे आधी. पाच मिनिटं आधी. वही बाबांच्या सदऱ्याखाली ठेवीन. दादा वाचेल. नऊ नंबर, अकरा नंबर — सगळं वर लिहिलंय —

३.२०

बोलता येत नाही. हात अजून चालतो. डावा नाही.

गाडी दोन मिनिटं लवकर आली तरी

३.२६

दारावर टकटक. हळू. दोनदा.

ताईंचा आवाज. बाबा, मी आहे. पोरीला बरं नाहीये ना? दार उघडा, मी बघते.

बाबांना हे बरोबर ऐकू आलं. चेहरा उजळला त्यांचा. आल्या बघ, म्हणतायत. भिंतीला धरून उठतायत —

वही दाखवते. मोठ्या अक्षरांत.

बाबा दार उघडू नका

बघतायत. लांब धरतायत. चष्मा नाहीये गं, म्हणतायत, तोंडाने सांग

बाबा नाही

बाबा कडी नका का